एक ताट अधिक

पोलंड देशातील ख्रिस्ती घरांत नाताळच्या आदल्या सायंकाळी जेवणाची मांडामांड होते, तेव्हा घरात जितकी माणसे असतील त्यांहून एक ताट अधिक मांडण्याची रीत आहे. ते कोणासाठी, असे लेकरांनी विचारले तर उत्तर मिळते की, अवचित येणाऱ्या पांथस्थासाठी. बेथलेहेमात त्या रात्री मरिया-योसेफांस कोणी थारा दिला नाही. आपल्या दारी कोणी आलाच तर त्यास विन्मुख पाठवू नये, हा त्यातील भाव.

आज आम्ही पोलिश लोकांच्या खाण्यापिण्याविषयी लिहीत आहो हे पाहून काही वाचकांस नवल वाटेल. धर्मगुरूने वेदी सोडून स्वयंपाकघरात कशास डोकवावे? परंतु धर्मशिक्षणाचा निम्मा भाग चुलीजवळच शिकवला जातो, अशी आमची पक्की समजूत आहे. आणि तिच्या समर्थनार्थ एखाद्या राष्ट्राकडे बोट दाखवावयाचे झाल्यास आम्ही पोलंडकडे दाखवू. या राष्ट्राचे शेजारच्या तीन सत्तांनी लचके तोडले आणि १७९५ पासून १९१८ पर्यंत नकाशावर त्याचे नावही उरले नव्हते. पुढे १९३९ साली महायुद्ध आले, आणि त्यानंतर १९८९ पर्यंत देवास न मानणारी राजवट. शाळा परक्यांच्या हाती गेल्या, वर्तमानपत्रे बंद पडली. मात्र कोणत्या सणास घरात काय शिजवावे हे ठरविणे कोणत्याही सरकारास साधले नाही.

नाताळपूर्व सायंकाळच्या या भोजनास ते ‘विगिलिया’ म्हणतात. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ जागरण. दिवसभर घरात कडक उपवास. अंधार पडू लागला की मुले खिडकीशी जाऊन आकाशात पहिला तारा शोधतात, आणि तो दिसल्यावाचून कोणी मेजाशी बसत नाही. मेजावर पांढरेशुभ्र वस्त्र आणि त्याखाली मूठभर वाळलेले गवत पसरलेले असते. गव्हाणीची आठवण म्हणून गवत, हे आपल्या खेड्यातील वाचकांस समजावून सांगावयास नकोच.

प्रथम अन्नास हात लावावयाचा नाही. घरातील वडीलधारा माणूस एक पातळ, पांढरी, कागदासारखी चकती हाती घेतो. तिचे नाव ‘ओप्वातेक’. केवळ पीठ व पाणी. ना मीठ, ना खमीर. कोरीवकाम केलेल्या लोखंडी साच्यात ती भाजतात, म्हणून तिच्यावर ख्रिस्तजन्माचे चित्र उमटते. पूर्वी चर्चमधील ऑर्गनवादक ती भाजून धर्मग्रामातील घरोघरी पोहोचवीत असे. मिस्सातील होस्तीशी तिचे रूपसाम्य असले तरी तो ख्रिस्तप्रसाद नव्हे, याची जाण तेथील लहान मुलासही असते. वडील ती चकती घेऊन आईकडे वळतात; ती एक तुकडा मोडते, ते तिच्या चकतीतील एक तुकडा मोडतात, परस्परांचे कल्याण चिंतितात. मग असेच प्रत्येकाने प्रत्येकाशी करावयाचे. सासूने सुनेशी, भावाने भावाशी, मालकाने गड्याशी.

येथेच खरी अडचण आहे. ज्याच्याशी वर्षभर अबोला धरला त्याच्यासमोर चकती घेऊन कसे उभे राहावे? म्हणून क्षमा मागितल्यावाचून व दिल्यावाचून तुकडा मोडू नये, असा तेथील संकेत आहे. बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून किंवा वाटणीवरून ज्यांची घरे दुभंगली आहेत अशी कुटुंबे आपल्यातही थोडी नाहीत. पापनिवेदनास येऊन ‘फादर, सर्वांस क्षमा केली’ असे म्हणणे त्या मानाने सोपे असते. तेथे भाऊ समोर नसतो. हातभर अंतरावर उभे राहून त्याच्या हातातील तुकडा मोडून खाणे यास अधिक बळ लागते. जे दूरदेशी आहेत त्यांस ही चकती टपालाच्या पाकिटातून पाठवितात. पोहोचेपर्यंत तिचा चुराही होत असेल. पण चुरासुद्धा वाटून खाता येतो.

गुराढोरांसही या रात्री विसरत नाहीत. त्यांच्यासाठी निराळी, रंगीत चकती असे आणि घरधनी ती गोठ्यात नेऊन चारी. बाळ येशूस पहिली ऊब जनावरांच्या श्वासाची मिळाली, म्हणून हा मान. मध्यरात्री गुरे माणसासारखी बोलतात, असेही जुनी मंडळी सांगत. ऐकावयास कोणी गोठ्यात जात असे की नाही कोण जाणे. आपल्या बैलाचे आपल्याविषयीचे मत ऐकण्याची छाती किती जणांस होईल?

आता पदार्थ. बारा प्रेषितांच्या स्मरणार्थ बारा पदार्थ करावे, अशी प्रथा पुष्कळ घरी आहे, आणि त्यांत मांस मुळीच नसते. बीट आंबवून केलेले तांबडेलाल सार, त्यात रानातील सुक्या अळंब्यांचे सारण भरलेल्या इवल्याशा पुड्या, आंबवलेला कोबी व अळंबी भरून आपल्या नेवरीच्या घाटाची उकडलेली ‘पिएरोगी’, वाटाणा, खारवलेला हेरिंग मासा, खसखशीचे गोड सारण भरून गुंडाळलेला पाव, सुकवलेल्या आलुबुखार व सफरचंदांचे धुरकट वासाचे गोड पेय. पूर्वेकडील प्रांतांत गहू, खसखस व मध यांची खीर करतात. यादी मोठी दिसते, परंतु एकेक जिन्नस पाहावा. कोबी परसातला, अळंबी रानातली, मध पोळ्यातला. ही श्रीमंतांची मेजवानी नव्हे. बर्फाळ प्रदेशातील शेतकऱ्याने हिवाळ्यासाठी जे सुकवून, खारवून, आंबवून ठेवले तेच या रात्री मेजावर येते. मुख्य मानाचा कार्प मासा आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. तो मठांच्या तळ्यांत फार जुन्या काळापासून पाळीत, पण घरोघरी पोहोचला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. धर्मद्वेष्ट्या सरकारच्या मत्स्यतलावांनी भाविकांच्या उपवासाच्या ताटाची सोय करावी, हा दैवाचा विनोदच. या माशाचे खवले पैशाच्या पाकिटात ठेवले की वर्षभर पैसा टिकतो असे काहींस वाटते. ते मात्र आम्ही कोणास सुचवीत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाताळच्या आदल्या दिवशी उपवास व मांसवर्जन पूर्वी धर्मसभेच्या कायद्यानेच लागू होते. १९६६ साली पोप पॉल सहावे यांनी उपवासाचे नियम सौम्य केले, आणि १९८३ च्या धर्मसंहितेतही या दिवसाची सक्ती नाही. तरीही पोलंडमधील असंख्य घरे त्या सायंकाळी मांसास स्पर्श करीत नाहीत. कायदा गेला, ताट राहिले. आपल्याकडे सक्ती उठताच वार व व्रत दोन्ही किती घरांतून त्वरेने नाहीसे झाले, हे आम्ही वाचकांस सांगावे असे नाही.

त्या अधिकच्या ताटासमोर पांथस्थ क्वचितच येऊन बसतो. परंतु त्या देशाच्या इतिहासाने ते पुष्कळदा अन्य प्रकारे भरले. १९८१ च्या १३ डिसेंबरला तेथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि हजारो कामगार पुढारी व विचारवंत स्थानबद्ध झाले. अकरा दिवसांवर नाताळची आदली रात्र होती. त्या रात्री व्हॅटिकनमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपल्या खिडकीत मेणबत्ती लावली. मांस तर त्या वर्षापासून शिधापत्रिकेवर मिळू लागले होते, पण उपवासाच्या भोजनास त्याची गरज नव्हती. कितीएक घरांत त्या वर्षी ते ताट पांथस्थाचे नव्हते. मुलाचे होते, पतीचे होते.

आमच्या बेळगाव भागातील वाचकांस हे लोक अगदीच परके नाहीत. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक स्त्रिया व मुले. १९४० व १९४१ साली रशियनांनी त्यांस घरांतून उचलून सायबेरिया व कझाकस्तानात नेऊन टाकले होते. तेथून सुटका झाल्यावर इराणमार्गे ती येथवर आली. छावणीत त्यांचे चर्च होते, शाळा होत्या, रुग्णालय होते. काहींनी कोल्हापूरच्या मातीतच देह ठेवला. त्यांच्या कबरी तेथे आहेत. वॉर्सा शहरात त्या आश्रयाच्या कृतज्ञतेचे स्मारक उभे आहे. ज्यांच्या घरी अनोळखी पाहुण्यासाठी ताट मांडून ठेवीत, तेच लोक पंचगंगेच्या तीरी पाहुणे झाले.

उपासकाळाचे अन्न याहून साधे. राय नावाच्या धान्याचे पीठ कोमट पाण्यात काही दिवस आंबवून त्याचे आंबट सार करतात, त्यास ‘झुर’ म्हणतात. आपली आंबील ज्यांनी प्यायली आहे त्यांस कल्पना येईल. पूर्वी चाळीस दिवस मांसच नव्हे, तर दूध, लोणी व अंडीही वर्ज्य असत. झुर आणि हेरिंग, हेरिंग आणि झुर. म्हणून उपासकाळ सरता सरता गावातील पोरे झुरचे मडके वाजतगाजत नेऊन फोडीत वा पुरीत, आणि हेरिंग झाडास टांगीत! जे चाळीस दिवस खरोखर उपाशी राहिले त्यांसच हा दंगा शोभतो.

मग पवित्र शनिवारी टोपली घेऊन चर्चला जावयाचे. पांढऱ्या वस्त्राखाली पाव, मीठ, मांसाचा तुकडा, रंगविलेली अंडी, लोण्याचा घडविलेला कोकरू, आणि मोहरीसारखे झणझणीत एक मूळ, दुःखसहनाच्या कटुतेचे स्मारक म्हणून. धर्मगुरू तीर्थ शिंपडून आशीर्वाद देतात. पण त्यातील घासही पास्काच्या पहाटेच्या मिस्सापूर्वी घ्यावयाचा नाही. परत आल्यावर आशीर्वादित अंडे कापून घरातील प्रत्येकास एक फाक. त्याची टरफलेसुद्धा केरात न टाकता जुने लोक शेतात वा बागेत नेऊन टाकीत.

भाकरीचा मान तर नित्याचाच. नवी वडी कापण्यापूर्वी सुरीने तिच्यावर क्रूसाची खूण करणे व तुकडा खाली पडल्यास उचलून त्याचे चुंबन घेणे ही जुन्या पोलिश घरांतील शिस्त. क्राकूव शहरातील संत अल्बर्ट ख्मिएलोव्स्की (१८४५-१९१६) हे आधी नामांकित चित्रकार. कुंचला टाकून ते बेघरांत जाऊन राहिले. माणसाने मेजावरील भाकरीसारखे चांगले असावे, जो भुकेला असेल त्याने तीतून आपला तुकडा कापून घ्यावा, असे ते शिकवीत. १९८९ साली ते संतपदी आरूढ झाले.

पेयांविषयी थोडक्यात. मधाची दारू तेथे फार प्राचीन. एक भाग मधास अर्धा भाग पाणी घेतले की ‘दीडकी’, एकास एक घेतले की ‘दुणी’, पुढे तिणी व चौणी, अशा अर्थाची तिची नावे आहेत. मध अधिक तितके मुरविणे दीर्घ. व्होडकाने मात्र त्या देशातही संसार उद्ध्वस्त केले आहेत, म्हणून तेथील महागुरूस्वामी दर वर्षी ऑगस्ट महिनाभर मद्य वर्ज्य करण्याचे आवाहन करतात. आपल्याकडे कोणता महिना योग्य, हे घरातील स्त्रियांस विचारावे.

अलीकडे सरकारनेही या वारशाची दखल घेतली आहे. कृषिखात्याच्या पारंपरिक पदार्थांच्या यादीत दोन हजारांहून अधिक नोंदी आहेत. नोंद होण्यास निदान पंचवीस वर्षांची परंपरा दाखवावी लागते. डोंगरातील मेंढपाळांचे धुरावलेले चीज, मधाची दारू इत्यादींस २००८ साली युरोपीय संघाचे संरक्षणही मिळाले.

त्याच वर्षी ते संरक्षण पोझनान शहरातील संत मार्टिनच्या पावासही लाभले. घोड्याच्या नालासारखा त्याचा आकार, आत पांढऱ्या खसखशीचे सारण. ११ नोव्हेंबर या संताच्या सणास सारे शहर तो खाते. त्याची जी कथा तेथे सांगतात ती आम्हांस विशेष आवडते. १८९१ साली संत मार्टिनच्या चर्चमधील धर्मगुरू यान लेवित्स्की यांनी विनविले की, ज्या संताने आपला झगा कापून भिकाऱ्यास दिला त्याच्या सणास गरिबांसाठी काही तरी करावे. मिस्सास आलेल्या एका पाववाल्याने ते मनावर घेतले. त्याने हे पाव भाजविले. ऐपतदारांनी ते विकत घेतले आणि गरिबांस फुकट मिळाले.