चांदीच्या कहाण्या, कुरणाचा हिशेब

१८९३ च्या जूनमध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. तोवर चांदी नेऊन द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मोकळीक होती. हुकूम निघाला आणि चांदीचा भाव जगभर कोसळला. मोठा दणका बसला अमेरिकेतल्या कोलोराडोच्या डोंगरात. तिथल्या अ‍ॅस्पेन गावच्या खाणी भराभर बंद पडल्या.

१८९० च्या कायद्याने अमेरिकन सरकार दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घेत होते. नोव्हेंबरात तो कायदाही रद्द झाला. सरकार खरेदीला उभे आहे म्हणजे भाव कायमचा, असे समजणाऱ्याचे काय होते, हे एकाधिकार खरेदीत कापूस घातलेल्यांना वेगळे सांगायला नको. १८९० साली पाच हजारांवर असलेली वस्ती १९३० साली ७०५ वर आली.

मग गाव टिकले कोणाच्या जिवावर? गुरे, मेंढ्या, बटाटा आणि वैरण करणाऱ्यांच्या. उन्हाळ्यात जनावरे वरच्या कुरणात न्यायची, खाली गवत कापून साठवायचे, बर्फ पडला की तेच घालून जनावर जगवायचे. चांदी काढण्यासाठी १८९१ साली उभारलेला होल्डनचा कारखाना थोड्याच दिवसांत थंडावला. त्याच्या आवारात पुढे मॅरोल्ट कुटुंबाने गुरांचा धंदा केला. कारखान्याचे कोठार झाले.

आज तिथे खाणकाम आणि पशुपालनाचे संग्रहालय आहे! १९४६-४७ च्या हिवाळ्यापासून गाव स्कीइंगवर पुन्हा उभे राहिले. जमिनीला सोन्याचे मोल आले. गुरांच्या धंद्याला ते कधी आले नाही. कुरणांवर बंगले उठले. ज्याने कुरण विकले त्याला मी दोष देणार नाही. परवडत असते तर त्याने विकले असते का?

पाहुण्यांना रंगवून सांगतात त्या मात्र चांदीच्या गोष्टी. १८९४ साली स्मगलर खाणीत आठ क्विंटलांहून जड चांदीचे ढेकूळ निघाले, ते सगळ्यांना ठाऊक. खाणी बसल्यानंतरच्या पन्नास वर्षांत वैरणीला काय लागले, जनावराने काय दिले, घरात काय उरले, याचा हिशेब कोण विचारतो?

आपल्याकडेही आता शहरातली मंडळी हुरड्याला येतात, बैलगाडीत बसून फोटो काढतात. येऊ देत, आगतस्वागत करा. आणि भावांनो, शेकोटीभोवती बसवून त्यांना एका क्विंटल ज्वारीचा उत्पादन खर्च एकदा तोंडपाठ सांगून बघा.