वळचणीखालचा कॅमेरा



ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत जे घडलं, त्यानंतर कॅमेरा हवा की नको हा वाद आपल्या कात्रपमध्ये उरलाच नाही. आम्हीही बसवला. पण कसा बसवायचा, यावर बोलायला हवं.

वळचणीखालची जागा चांगली, पावसाची सर थेट काचेवर येत नाही. बसवणारा मुलगा म्हणाला, "काकू, पांढऱ्या लाइटचा घ्या, रात्रीही रंगीत दिसतं." मी नाही म्हटलं. चातुर्मासात त्या दिव्यावर किती पाखरं झेपावतील, मागोमाग पाल येईल! आपण सूर्यास्ताआधी जेवायचं आणि बाहेर रात्रभर हे चालू ठेवायचं? इन्फ्रारेडवर काळं-पांढरं दिसतं, तेवढं पुरे. तो प्रकाश बहुतेक किड्यांना दिसत नाही. कोळी मात्र तिथेही जाळं विणतोच, मग ते चमकतं आणि फोन रात्री उगाच वाजतो. म्हणून जाळं धरायच्या आधीच रोज हलकेच पुंजणी फिरवते.

दुसरी गोष्ट समोरच्या वहिनींची. पहिल्याच दिवशी फोनवर त्यांचा ओटा, वाळत घातलेले कपडे, सगळं दिसलं. मला माझीच लाज वाटली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. पण शेजारधर्माला न्यायालय कशाला लागतं? कॅमेरा खाली वळवून आमच्या फाटकापुरता केला, उरलेला कोपरा सेटिंगमध्ये काळा केला. मग वहिनींना बोलावून फोन दाखवला.

त्या म्हणाल्या, "अहो, आमचं फाटक तरी येऊ द्या की त्यात!"