भट्टीपाशी उभं राहण्यात कमीपणा कसला?

बारावीच्या निकालानंतर माझा एक माजी विद्यार्थी अब्बांना घेऊन घरी आला. अब्बा लग्नकार्यात देग लावणारे बावर्ची. मुलाला हॉटेल मॅनेजमेंट शिकायचंय. अब्बा म्हणाले, "सर, तीस वर्षं मी भट्टीचा धूर खाल्ला, तो याच्या वाट्याला येऊ नये म्हणून. आता हा शिकून पुन्हा भट्टीपाशीच जाणार?"

त्यांचं दुःख मला कळतं. वलीम्याची बिर्याणी आपण चवीने खातो आणि 'भटियारा' हा शब्द मात्र शिवीसारखा वापरतो. पण मला वाटतं, त्यांना धुराने जेवढं मारलं, त्याहून जास्त हिशेबाने मारलं. शंभर माणसांची देग ते डोळे मिटून उतरवतील. एका ताटाला खर्च किती, उरलं किती, हे मात्र "अंदाजाने".

अभ्यासक्रमात नेमकं हेच शिकवतात. मालाचा खर्च विक्रीच्या साधारण 30 ते 35 टक्क्यांत बसला पाहिजे. म्हणजे 70 रुपयांचा माल लागलेलं ताट 200 च्या आसपास विकावं लागतं. बाकीच्यात भाडं, गॅस, पगार आणि नफा. शिजवलेलं अन्न 5 ते 60 अंशांच्या दरम्यान फार वेळ राहिलं की जंतू वाढतात, म्हणून गरम ते 60 च्या वर आणि थंड ते 5 च्या खाली. खरेदी, साठा, कामाची वाटणी, अन्न परवाना हेही त्यातच येतं. चव हाताला असते, पण धंदा वहीवर चालतो.

दुसरा प्रश्न हलाल-हरामचा. मोठ्या हॉटेलांत दारू आणि डुकराचं मांस असतं, अभ्यासातही त्यांचा संबंध येतो. ही शंका हसण्यावारी नेऊ नये. कोणतं प्रात्यक्षिक सक्तीचं आहे, हे प्रवेशाआधीच स्पष्ट विचारावं. शिवाय बेकरी, केटरिंग, रुग्णालयाचं स्वयंपाकघर, स्वतःचं रेस्टॉरंट, अशा वाटा आहेतच.

दहावीनंतर आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा ट्रेड आहे. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन सरकारी संस्थांत पदवी घेता येते. दादरची संस्था तर 1954 पासून चालू आहे. चकचकीत जाहिरात पाहून लाखांची फी भरण्याआधी संस्थेची मान्यता तपासा. आणि मुलांना खरं सांगा, सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, दिवस बारा तासांचा असतो आणि ईदच्या दिवशीही सुट्टी मिळेलच असं नाही.

एवढं ऐकूनही जो मुलगा, जी मुलगी हटत नाही, तिला अडवू नका. हुनर आपल्या घरात पिढ्यांचा आहे, त्याला फक्त वहीची जोड हवी.

अब्बांनी अजून होकार दिलेला नाही. पण निघताना चपला घालता घालता त्यांनी मुलाला विचारलं, "ते साठ अंश मोजतात कसे रे?"