सातबारा तपासतो, मग सिबिल का नाही?

मृग जवळ आला की मारेगाव तालुक्यात दोनच गोष्टींची धावपळ असते: कपाशीचे बियाणे आणि पीककर्ज. सातबारा, आठ-अ, आधार, पॅन अशी फाईल घेऊन शेतकरी बँकेत जातो आणि एक वाक्य ऐकून परत येतो, "तुमचं सिबिल खराब आहे." काय खराब आहे, कोणत्या कर्जामुळे, नोंद कोणी केली, हे तो विचारत नाही आणि त्याला कोणी सांगतही नाही.

मे 2025 मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिलची अट घालणाऱ्या बँकांना कारवाईचा इशारा दिला. असा इशारा त्यांनी यापूर्वीही दिला होता. तोच इशारा पुन्हा द्यावा लागतो, यातच सगळे आले. मुंबईतली घोषणा तालुक्याच्या शाखेतल्या संगणकात आपोआप शिरत नाही. म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. घोषणा जरूर लक्षात ठेवा, पण तिच्या भरवशावर राहू नका. बँकेच्या आधी आपला अहवाल आपण पाहा.

यात पणाला काय लागले आहे, तेही समजून घेऊ. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला व्याज पडत नाही. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या आपल्या घरांसाठी ही लहान गोष्ट नाही. एका चुकीच्या नोंदीमुळे हे कर्ज नाकारले गेले, तर पेरणी थांबत नाही. माणूस सावकाराकडे किंवा मायक्रोफायनान्सच्या हप्त्याकडे वळतो आणि शून्य व्याजाचा हक्कदार भारी व्याजात अडकतो.

मुळात 'सिबिल' हे एका कंपनीचे नाव आहे. देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. गुण 300 ते 900 च्या दरम्यान असतात. या कंपन्या न्यायाधीश नाहीत. बँका आणि फायनान्स कंपन्या जे कळवतात, तेच त्या अहवालात मांडतात. 1 जानेवारी 2025 पासून ही माहिती दर पंधरा दिवसांनी कळवण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने लागू केला होता. म्हणजे पाठवणाऱ्याची चूक असेल, तर शिक्षा कर्जदाराला.

चुका कुठे होतात? पहिली जागा कर्जमाफी. 2017 च्या योजनेत दीड लाखापर्यंत आणि 2019 च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत दोन लाखांपर्यंतची थकीत कर्जे माफ झाली. माफीची रक्कम खात्यात जमा झाली, पण बँकेने नोंद पुढे कळवली नाही, तर अहवालात ते कर्ज आजही थकीत दिसू शकते. 'सेटल्ड' आणि 'क्लोज्ड' यांतही फरक आहे. तडजोडीत काही रक्कम सोडून खाते मिटवले तर 'सेटल्ड' लागते, आणि पुढचा बँकवाला ते चांगले मानत नाही. पूर्ण पैसे भरूनही तो शब्द लागला असेल, तर ती चूक आहे. ती दुरुस्त करून घेतलीच पाहिजे.

दुसरी जागा आपली नावे. विदर्भात आपल्याकडे 'शेख अमुक शेख तमुक' असे नाव लिहितात. बँकेच्या अर्जात नाव आणि आडनाव यांचे वेगळे रकाने असतात, मग 'शेख' कधी पहिल्या रकान्यात जाते, कधी शेवटच्या. इंग्रजीत 'शेख' तीन-चार प्रकारे लिहिले जाते. 'मोहम्मद'चे तर कुठे पूर्ण नाव, कुठे नुसती दोन अक्षरे. एकाच गावात एकाच नावाची चार माणसे असतात. दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर दिसण्याला एवढे पुरते. आधार, पॅन आणि पासबुकावर नाव एकसारखे करून घेणे हाच त्यावरचा पहिला उपाय.

तिसरी जागा जामीन. ओळखीखातर कुणाच्या कर्जाला जामीन राहिलो, त्याने हप्ते थकवले, तर तो डाग आपल्याही अहवालात येऊ शकतो. ही मात्र चूक नव्हे, ती आपल्या सहीची किंमत आहे.

आता उपाय. या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, स्वतःच्या मोबाईलवर घ्या. ओटीपी कुणाला सांगू नका. चूक दिसली तर कंपनीकडे ऑनलाईन तक्रार करा आणि बँकेलाही लेखी अर्ज द्या. सोबत नो ड्यूज, भरणा पावती, माफीचा कागद जोडा आणि पोच घ्या. दुरुस्तीला 30 दिवसांची मुदत आहे. त्यानंतर उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते; चौकशीचा क्रमांक 14448. ज्यांनी कधी कर्जच घेतले नाही, त्यांनीही घाबरू नये. जुनी नोंद नाही एवढ्याच कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे, आणि ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने संसदेतही ते स्पष्ट केले.

एक इशारा आमचाही. "पाच हजार द्या, सिबिल वाढवून देतो" म्हणणाऱ्या एजंटांपासून सावध राहा. खरी थकबाकी कुणालाही पुसता येत नाही, ती फेडावीच लागते. आणि खोटी नोंद पुसायला पैसे लागत नाहीत.

नागपूरच्या आंदोलनानंतर, ऑक्टोबर 2025 मध्ये, सरकारने 30 जून 2026 पूर्वी कर्जमाफीचा निर्णय घेण्याचे आश्वासन दिले. माफीच्या यादीत नाव आले म्हणजे काम संपले असे समजू नका. अहवालात खाते बंद दिसेपर्यंत पाठपुरावा करा. गावातल्या शिकलेल्या पोरांनी मोबाईल हातात घेऊन दहा घरांचे अहवाल काढून दिले, तरी पुढच्या हंगामात दहा माणसे खिडकीवरून रिकाम्या हाताने परतणार नाहीत. सातबाऱ्यावर एक अक्षर चुकले तर आपण तलाठ्याकडे चकरा मारतो. तीच चिकाटी इथेही हवी.