उडुपीला हो, तेहरानला गप्प?

फेब्रुवारी २०२२ ची गोष्ट. उडुपीत हिजाब घालून आलेल्या मुलींना कॉलेजच्या फाटकाबाहेर उभं केलं होतं आणि ५ तारखेला कर्नाटक सरकारने त्यावर आदेशच काढला. मिरजेहून कर्नाटकची हद्द अर्ध्या तासावर. आमच्याकडच्या कितीतरी मुली तिकडे शिकायला जातात. म्हणून आम्ही पंधरा-वीस जणी तहसील कचेरीसमोर पाट्या घेऊन उभ्या राहिलो. माझ्या पाटीवर होतं, ‘माझे कपडे मी ठरवणार’. मी स्वतः हिजाब घालत नाही. नमाजच्या वेळी आणि मोठ्यांसमोर ओढणी डोक्यावर घेते, तेवढंच. माझी भाची मात्र घालते, ती शेजारीच उभी होती. मोहल्ल्यातली पोरं आमच्यासाठी पाणी घेऊन आली. त्यांनी फोटो काढले, ग्रुपवर टाकले. ‘माशाअल्लाह बाजी’ची रांग लागली.

सात महिन्यांनी, १६ सप्टेंबरला, तेहरानमध्ये महसा जिना अमिनी वारली. बावीस वर्षांची कुर्द मुलगी. हिजाब नीट नाही म्हणून तिला ‘गश्त-ए-इरशाद’ने धरलं होतं. गश्त म्हणजे आपली गस्तच. तीन दिवसांनी ती दवाखान्यात गेली. मी माळ्यावरची तीच पाटी काढली, पुसली, हातात धरून फोटो काढला, खाली ‘महसासाठी’ एवढंच लिहिलं आणि त्याच ग्रुपवर टाकला.

एकही माशाअल्लाह आला नाही. रात्री ग्रुपच्या अॅडमिनचा फोन आला, “बाजी, ते काढून टाका ना. लोकांचा गैरसमज होतो.”

मी काढलं नाही. तेव्हापासून आमचं जे भांडण चालू आहे ते आज इथे उघड मांडते, कारण असा ग्रुप फक्त मिरजेत नाही हे मला माहीत आहे.

पोरांचं पहिलं म्हणणं असं, की हा सगळा अमेरिकेचा आणि इस्राएलचा डाव आहे. डाव करणारे आहेतच, त्यात खोटं काही नाही. जून २०२५ मध्ये इस्राएलने इराणवर हल्ला केला तेव्हा नेतान्याहूंनी इराणी जनतेला उद्देशून ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ ही घोषणा स्वतः उच्चारली. आणि त्याच महिन्यात त्यांच्या विमानांनी तेहरानच्या एवीन तुरुंगावर बाँब टाकले. त्या तुरुंगात कोण असतं? ही घोषणा देणाऱ्या बायकाच की. पण चोराने आपली वस्तू उचलली म्हणून ती वस्तू चोराची होत नाही. ‘ज़न, ज़िंदगी, आज़ादी’ हे शब्द आधी कुर्द बायकांचे, मग सगळ्या इराणी बायकांचे. आपल्याला तर ते समजायला शब्दकोशही लागत नाही. मानवी हक्क संघटनांच्या मोजणीप्रमाणे त्या आंदोलनात पाचशेच्या वर माणसं मारली गेली, त्यांत शाळकरी मुलंही होती. ती कुणाच्या डावासाठी मेली?

दुसरं म्हणणं, आपलं घर जळतंय, आधी ते बघा. मला याचं हसू येतं. पॅलेस्टाईनसाठी आपण रस्त्यावर येतो, आलंच पाहिजे, तेव्हा घर जळत नसतं का? कुणी दबक्या आवाजात असंही म्हणालं, की तो शियांचा मामला आहे. हे म्हणणाऱ्याच्या स्टेटसला वर्षभर इराणी क्षेपणास्त्रांचे व्हिडिओ होते. क्षेपणास्त्र सुन्नी आणि मुलगी शिया?

आता दुसऱ्या बाजूचं बोलते, कारण तिकडेही लबाडी कमी नाही. हिजाबचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू होता, आणि महसा गेल्याला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा सरकारतर्फे युक्तिवाद करताना इराणचा दाखला दिला गेला. बघा, तिथल्या बायकाच हिजाबविरुद्ध लढताहेत! अर्धं ऐकलं की असंच होतं. तिथल्या बायका सक्तीविरुद्ध लढत होत्या. त्यांच्या मोर्चांत डोकं झाकलेल्या बायकाही होत्या. १३ ऑक्टोबरला दोन न्यायमूर्तींचा निकाल दोन दिशांना गेला आणि आमच्या मुली होत्या तिथेच राहिल्या.

इराणने दोन्ही प्रकारच्या सक्ती भोगल्यात, म्हणून तर तिथला इतिहास आपण वाचायला हवा. जानेवारी १९३६ मध्ये रझा शाहने बुरख्यावर बंदी घातली. पोलीस भर रस्त्यात बायकांच्या अंगावरची चादर ओढून काढत. कित्येक जणी घराबाहेरच पडेनात. ज्यांना ‘मुक्त’ करायचं त्याच कोंडल्या गेल्या. १९४१ मध्ये शाहला गादी सोडावी लागली तेव्हा कुठे ते थांबलं. मग १९७९. क्रांतीच्या मोर्चांत लाखो बायका होत्या आणि त्यातल्या अनेकींनी शाहच्या निषेधासाठी मुद्दाम चादर ओढली होती. ७ मार्चला खोमेनींनी सांगितलं, सरकारी कचेऱ्यांत बायकांनी हिजाबमध्येच यावं. दुसऱ्याच दिवशी, ८ मार्चला, हजारो बायका तेहरानच्या रस्त्यावर उतरल्या. क्रांतीला महिनाही झाला नव्हता. १९८३ मध्ये कायदा झाला, उघड्या डोक्याने फिरलं तर चौऱ्याहत्तर फटक्यांपर्यंत शिक्षा. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी काढणारा पोलीस होता, आता घालणारा आला. पोलीस गेलाच नाही.

आणि तो फोटो! सत्तरच्या दशकातल्या तेहरानमधल्या तोकड्या स्कर्टमधल्या मुली आणि शेजारी काळ्या चादरीतल्या बायका, ‘आधी आणि नंतर’. आपल्याला चिडवायला तो वर्षातून दोनदा तरी येतोच. त्याला उत्तर देताना आपली पोरं इराणच्या सरकारची वकिली करू लागतात, तिथे चुकतं. खरं उत्तर वेगळंच आहे. १९७६ च्या जनगणनेत इराणमधल्या साधारण तीनपैकी एकाच बाईला लिहिता-वाचता येत होतं. तो स्कर्टचा फोटो उत्तर तेहरानच्या काही गल्ल्यांचा आहे, देशाचा नाही. क्रांतीनंतर खेड्यापाड्यांतल्या सनातनी बापांनी, आता शाळा ‘आपली’ झाली म्हणून, मुलींना शाळेत धाडलं. पुढे विद्यापीठांत मुली मुलांपेक्षा जास्त झाल्या. इतक्या, की २०१२ मध्ये ३६ विद्यापीठांनी ७७ अभ्यासक्रमांचे दरवाजे मुलींना बंद केले. सरकारला आपल्याच यशाची भीती वाटली. २०१४ मध्ये गणितातलं फील्ड्स पदक पहिल्यांदा एका बाईला मिळालं ती मरियम मिर्झाखानी, तेहरानच्या मुलींच्या शाळेत शिकलेली. २०१७ मध्ये ती कर्करोगाने गेली तेव्हा काही इराणी वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर तिचा उघड्या केसांचा फोटो छापला. आणि तिच्या मुलीला? बाप परदेशी म्हणून आईच्या देशाचं नागरिकत्व मिळत नव्हतं. तो कायदा २०१९ मध्ये बदलला.

म्हणजे शिकवलं खरं. पण शिकलेल्या बाईचं रोजचं जगणं बघा. शंभर बायकांमागे कामधंद्यात पंधराच्या आसपास. लग्न झालेल्या बाईला पासपोर्ट काढायचा तर नवऱ्याची परवानगी. २०१५ मध्ये देशाच्या महिला फुटसाल संघाची कर्णधार निलूफर अर्दलान आशियाई स्पर्धेला जाऊ शकली नाही, कारण नवऱ्याने नाही म्हटलं. देशाची कर्णधार! शिरीन एबादी क्रांतीआधी न्यायाधीश होत्या. १९७९ नंतर बाई न्याय देऊ शकत नाही असं ठरलं आणि त्यांना त्याच न्यायालयात कारकुनीला बसवलं. त्यांना २००३ मध्ये नोबेल मिळालं. २०२३ मध्ये पुन्हा एका इराणी बाईला मिळालं, नर्गिस मोहम्मदींना, तेव्हा त्या एवीनमध्ये कैदेत होत्या. फुटबॉल बघायला पुरुषाच्या वेषात गेलेल्या सहर खोदायारीने तुरुंगाच्या धास्तीने न्यायालयासमोर स्वतःला पेटवून घेतलं, सप्टेंबर २०१९. तिच्या मरणानंतर महिन्याभरात आझादी स्टेडियमचं दार साडेतीन हजार बायकांना उघडलं. एक जीव गेल्यावर एक दार.

यात कुराण कुठे आहे ते मला दाखवा. ‘दीनमध्ये जबरदस्ती नाही’ हे आपण उडुपीसाठी प्रत्येक भाषणात सांगत होतो. ती आयत कर्नाटकच्या हद्दीवर संपते का?

महसानंतर मात्र तिथे काहीतरी हललंय. तेहरानच्या रस्त्यांवर, मेट्रोत, चहाच्या दुकानांत बायका उघड्या डोक्याने फिरू लागल्या. सरकारने कॅमेरे लावले, गाडीच्या मालकाला मेसेज पाठवले, दुकानांना सील ठोकलं. संसदेने नवा कडक कायदा मंजूर केला. तो डिसेंबर २०२४ मध्ये लागू व्हायचा होता, पण बायका पुन्हा रस्त्यावर येतील या धसक्याने थांबवला गेला. कायद्याच्या पुस्तकात सक्ती तशीच आहे. बाईच रोज सकाळी दारातून बाहेर पडताना ठरवते, आज काय.

आणि या सगळ्यात आपण मान खाली घालण्याचंही एक कारण आहे. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. मागणी होती तोंडी तलाक आणि सवत यांच्या बंदीची. शरियतला हात लावता येत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. पुढच्याच वर्षी इराणने कायदा केला की तलाक न्यायालयातच होईल आणि दुसऱ्या लग्नाला न्यायालयाची परवानगी लागेल. १९७९ मध्ये तो बाजूला सारला गेला, मुलींचं लग्नाचं वय नऊवर आणलं गेलं आणि २००२ मध्ये तेराला पोचलं. वरून दिलेला कायदा वरूनच काढून घेतला गेला. पण बायकांनी मागून, भांडून मिळवलेलं बरंचसं टिकलं. त्यातली एक गोष्ट फार कामाची आहे. तिथल्या छापील निकाहनाम्यात बारा अटी असतात. नवऱ्याने सहा महिने खर्च दिला नाही, बायकोला न विचारता दुसरं लग्न केलं, नशेच्या आहारी गेला, तर बायको त्याच्याच वतीने स्वतःचा तलाक घेऊ शकते. अर्थात अटीखाली त्याने सही केली असेल तरच. हनफी फिकहमध्येही हे चालतं, तलाक-ए-तफवीज म्हणतात. आपल्याकडे किती मुलींना हे निकाहआधी कुणी सांगतं?

माझ्या भाचीचा निकाह ठरला तेव्हा मी तिला सांगितलं. ती, हिजाबवाली, उडुपीसाठी माझ्या शेजारी उभी राहिलेली, म्हणाली, “खाला, मला या अटी हव्यात.” काझीसाहेब म्हणाले, आमच्या नमुन्यात तशी जागाच नाही. मग तिने निकाहनाम्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तीन अटी स्वतःच्या अक्षरात लिहिल्या. मुलगा वाचून थोडा वेळ गप्प बसला, मग त्याने सही केली. खाली साक्षीदार म्हणून सही आहे आमच्या ग्रुपच्या अॅडमिनची. तो तिचा चुलतभाऊ.

“बाजी,” पेन परत देताना तो म्हणाला, “याचा फोटो ग्रुपवर टाकू नका हं.”

त्याच रात्री टाकला.