अस्थिदान आणि तेरेखोलचे दोन काठ

तेरेखोल हे गाव गोव्याचे, पण वसले आहे नदीच्या उत्तर काठावर. पलीकडे केरीला जायचे तर फेरीबोट धरावी, नाहीतर महाराष्ट्रातून आरोंद्यावरून वळसा घ्यावा. माडावरून पडलेला पाडेली असो वा दुचाकीवरून घसरलेला तरुण, गुडघा निकामी झालेल्या माणसाची वाट मात्र दोन्ही काठांवरून बहुधा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडेच जाते. अशा सांध्यांवरील एका उपचाराची आमच्या समाजात फारशी वाच्यता नाही, म्हणून हा प्रपंच.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्याला रक्तवाहिन्या नसल्यामुळे तो एकदा फाटला की आपोआप भरून येत नाही. वृद्धाच्या झिजलेल्या गुडघ्याचे काम धातूच्या सांध्याने भागते. पंचविशीतल्या तरुणाला तो जन्मभर पुरेलच असे नाही. ज्याचा सांधा एखाद्याच जागी बिघडला आहे, अशा तरुणास मृत दात्याची कूर्चा, तिच्याखालच्या हाडासह, मापाने कापून बसविता येते. जर्मन शल्यविशारद एरिख लेक्सर यांनी १९०८ सालीच असे प्रयोग प्रसिद्ध केले होते. मूत्रपिंडाच्या रोपणाप्रमाणे जन्मभर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेण्याची गरज येथे सहसा पडत नाही.

अडचण आहे ती वेळेची. हाड वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून दीर्घकाळ ठेवता येते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ साली स्थापन झालेल्या टिश्यू बँकेचे कार्य याच पद्धतीचे आहे. कूर्चेतील जिवंत पेशी मात्र त्या प्रक्रियेत टिकत नाहीत. ती थंड पोषक द्रावात ठेवून काही आठवड्यांतच वापरावी लागते. म्हणून दाते पुरेसे हवेत आणि व्यवस्था तत्पर हवी.

कायद्याने वाट केव्हाच आखली आहे. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा ज्या राज्यांत प्रथम लागू झाला, त्यांत गोवा आणि महाराष्ट्र दोन्ही होते. २०११ साली संसदेने दुरुस्ती करून त्यात ऊतींचाही समावेश केला. अडसर उरला आहे तो मनाचा. कीर्तनात दधीचीची कथा ऐकून माना डोलावणारे आम्ही घरात मृत्यू घडताच हाडाचा शब्दही काढू देत नाही. देह विद्रूप होईल, अस्थिविसर्जन अपुरे राहील, अशी भीती वाटते. ती निराधार आहे. काढलेल्या हाडाच्या जागी आधार घालून देह पूर्ववत् करूनच तो स्वाधीन करण्याची रीत आहे, आणि अस्थिसंचयनास अस्थी उरतातच. ज्या अस्थी वेचून आपण पाण्यात सोडतो, त्यांतील एखादीने कोणी तरुण पुन्हा आपल्या पायांवर शेतात उतरला, तर मृताची गती अडेल असे कोणते शास्त्र सांगते?

२०१८ साली बांबोळीत परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा सिंधुदुर्गात क्षोभ उसळला होता. दानाच्या बाबतीत तरी सीमा आड येऊ नये. दोन्ही शासनांनी बांबोळी आणि सिंधुदुर्गातील रुग्णालये जोडून ऊतिदानाची एकच साखळी उभारावी, असे आम्हांस वाटते. खुब्याचा सांधा बदलताना काढावे लागणारे हाडाचे गोल टोक रुग्णाच्या संमतीने पेढीकडे पाठविणे, ही सुरुवात तर सहज करता येण्याजोगी आहे. उरलेले काम घराघरांचे. मृत्यूच्या घटकेस असे निर्णय सुचत नाहीत. ते आधीच, सर्वांसमक्ष, सांगून ठेवावे लागतात.