तंबोरा पारखावा तो कानाने

मागच्या पालकसभेला एका विद्यार्थिनीच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, पोरगी गाणं शिकतेय. तंबोरा घ्यायचा म्हणतोय, पण दुकानात गेलं की सगळे सारखेच वाजतात. चांगला कोणता ते ओळखायचं कसं?" मी शाळेत आठवड्यातून तीन दिवस मराठी शिकवणारी बाई, संगीताची नव्हे. तरी या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं. कारण ते शिकण्यापूर्वी मी आमच्या घरातला एक चांगला तंबोरा बिघडवून बसले होते. ती हकिगत आज तुम्हालाही सांगते. सांगताना लाज वाटते, पण चार जणींचे पैसे आणि चार तंबोरे वाचले तर वाटू दे!

आमचं जळकोट तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं. (पत्त्यावर 'जिल्हा धाराशिव' लिहिलं नाही, तर पत्र लातूर जिल्ह्यातल्या जळकोटला फिरून येतं.) रात्रंदिवस ट्रकांची घरघर. तुळजाभवानी जवळ, त्यामुळे गोंधळ्यांचं संबळ आणि तुणतुणं सगळ्यांच्या ओळखीचं. पण चार तारांचा तंबोरा आमच्या आळीत एकच, तो सासूबाईंचा. त्यांचं माहेर सोलापूरचं. लग्नाआधी त्या गाणं शिकत होत्या, तेव्हा वडिलांनी मिरजेहून आणून दिलेला. सासरी आल्यावर गाणं सुटलं, तंबोरा मात्र सुटला नाही. दिवेलागण झाली की गवसणी काढायची, खुंट्या पिळून तारा लावायच्या, दोन अभंग म्हणायचे आणि गवसणी घालून ठेवायचा. चाळीस वर्षांचा नेम.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत मी तो तंबोरा हाती घेतला. सासूबाई तेव्हा आठवडाभर वन्संकडे गेल्या होत्या. म्हटलं, त्या यायच्या आत लख्ख करून ठेवू. भोपळा पुसला, दांडीला पॉलिश केलं. ज्या हाडाच्या घोडीवरून तारा जातात, तिच्यावर काळपट चरे पडलेले दिसले. तारा सैल करून बाजूला सारल्या आणि उरलेल्या काचकागदाने घोडी घासून घासून पांढरीशुभ्र केली. तारा पुन्हा चढवल्या. दिसायला इतका देखणा झाला म्हणून सांगू!

वाजवला, तर टण्ण. नुसता टण्ण. पाडव्याला आलेला भाचा म्हणाला, "मामी, हा तर माझ्या गिटारसारखा वाजतोय!" आम्ही सगळे हसलो. सासूबाई हसल्या नाहीत. त्या बराच वेळ तारांखालचा दोरा पुढेमागे करत राहिल्या. संक्रांतीपर्यंत गवसणी रोजची उघडेनाशी झाली. विचारलं, तर म्हणाल्या, "कान काम देत नाहीत गं आता." अडुसष्ट वय. आमच्या ह्यांनाही ते पटलं. माझ्या मनात मात्र काचकागद एकदा येऊन गेला. पण तंबोरा जुना, माणूसही थकलेलं, असं म्हणून मी तो विचार झटकला.

यंदा आमची लेक प्रारंभिक परीक्षा पास झाली. तिच्या बाई म्हणाल्या, आता तंबोऱ्यावर बसवा. मोबाइलवरचा तंबोरा होताच, पण बाईंना खरा हवा होता. माझ्या भिशीचे १८,००० रुपये आले होते. ठरलं, की मिरजेला जायचं, जुना देऊन नवा घ्यायचा. सासूबाईंना विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या, "द्या."

सोलापूरहून मंगळवेढा-सांगोला मार्गे एस.टी.ने निघालो. भोपळा माझ्या मांडीवर, दांडी लेकीच्या खांद्यावर. कंडक्टर म्हणाला, "याचं अर्धं तिकीट फाडू का?"

मिरजेला गेलात तर सतारमेकर मंडळींच्या गल्लीत जरूर जा. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब हे इथल्या वाद्यकामाचे मूळ पुरुष. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तलवारीची कामं कमी झाली आणि तेच हात सतार-तंबोऱ्याकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गायक याच गावात राहिले. कारागिराच्या दारातच रोज पारखणारा कान असल्यावर काम सुधारणारच! २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याची दांडी आणि तबकडी बहुधा तुणाच्या लाकडाची असते. भोपळा कडू जातीचा, वेलावरच पिकवून वाळवलेला. तो येतो आपल्या सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूरच्या बाजूने. म्हणजे आमचा भोपळा त्या दिवशी माहेरच्या वाटेनेच मिरजेला परतत होता म्हणायचा.

ज्या कारागिरांकडे गेलो, त्यांनी गवसणी काढली, तारा एकदा छेडल्या आणि घोडीवर बोट फिरवलं. "ताई, घोडीवर कुणाचा हात फिरलाय?"

लेक शेजारीच बसली होती. मी सांगून टाकलं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "भोपळा शाबूत आहे, तबकडी बसलेली नाही, दांडी सरळ आहे. नवा घेऊन काय करता? याची जवारी गेलीय, ती काढून देतो. मग नव्यांच्या शेजारी ठेवून ऐका."

जवारी म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण ती किंचित उतरती असते. तार तिच्यावरून जाताना नुसती टेकत नाही, थरथरताना त्या उतरणीला हलकेच स्पर्श करत राहते. त्यातून एका स्वराच्या पोटातले अनेक स्वर उमलतात. तारेखाली सुती दोरा योग्य जागी सरकवला, की ते आणखी खुलतात. गिटारची तार अरुंद, टोकदार पट्टीवर टेकते म्हणून तिचा स्वर मोकळा, सुटा येतो. तार कुठे घासून झणझणली तर गिटारवाला तो दोष समजतो. तंबोऱ्यात तीच झणझण म्हणजे त्याचा प्राण! मी काचकागदाने नेमकी ती उतरण घालवली होती. भाचा गिटार म्हणाला, ते अगदी बरोबर होतं. हे सगळं कारागिरांच्या कल्पनेतलं नाही बरं का. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर शोधनिबंध लिहिला होता. तारेच्या ज्या बिंदूवर छेडलं असता एखादा उपस्वर उमटू नये असा नियम आहे, तोही या घोडीमुळे उमटतो, असं त्यांनी दाखवलं.

वापराने घोडीवर चरे पडतात, हेही खरं. तेव्हा अधूनमधून जवारी काढून घ्यावीच लागते. पण ती जाणत्याकडून. कानस दोनदा फिरवायची, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची, असं आमच्या तंबोऱ्याचं दुपारभर चाललं होतं.

संध्याकाळी मग खरी परीक्षा झाली. आमचा आणि दोन नवे, असे तीन तंबोरे. नव्यांपैकी एक साधा, दुसऱ्यावर सुंदर नक्षीकाम. मी उघड्या डोळ्यांनी ऐकलं आणि लगेच नक्षीवाल्यावर बोट ठेवलं. कारागीर म्हणाले, "तो वरच्या पट्टीत लावलाय, म्हणून उजळ वाटतोय." त्यांनी लेकीच्या आवाजाला सोयीच्या पांढरी सहामध्ये तिन्ही लावले. आमच्या तंबोऱ्यावर नव्या, थोड्या बारीक तारा चढवल्या. आम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि क्रम बदलून तीनदा ऐकवलं. मला तिन्ही वेळा आमचाच आवडला. लेकीने दोनदा आमचा निवडला, एकदा साधा नवा. नक्षीवाल्याचं नाव कुणीच घेतलं नाही. "तो साधाही चांगलाच आहे," कारागीर म्हणाले, "पोरीचा कान खोटं बोलत नाही."

पुढे वाचनात आलं, की इंग्लंडात लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली गिटारवर असाच प्रयोग केला होता. सहा गिटारी एकसारख्या करवून घेतल्या. फक्त पाठीचं आणि कडांचं लाकूड वेगळं, स्वस्तापासून अतिमहागापर्यंत. ५२ वादकांनी दिसू न देणारे गॉगल घालून त्या वाजवल्या, तर महागड्या लाकडाची गिटार काही त्यांना उठून वाटली नाही. म्हणजे डोळे आणि किंमत आपल्या कानात बोलतात, ते सगळीकडेच!

तर मैत्रिणींनो, तंबोऱ्यांचे आवाज ताडून बघताना एवढं लक्षात ठेवा:

१. आधी पट्टी ठरवा. बायकांचा आवाज साधारण काळी चार ते काळी पाचच्या आसपास असतो, पुरुषांचा काळी एकच्या आसपास. पुरुषी तंबोरा मोठा असतो. तो भारदस्त वाजतो म्हणून मुलीसाठी घेऊ नये.

२. सगळे तंबोरे एकाच पट्टीत लावून घ्या. जुन्या, गंजक्या तारांची नव्या तारांशी तुलना करू नका, तारा बदलून मगच ऐका.

३. एकच खोली, एकच अंतर, छेडणारा हातही एकच. तुम्ही पाठ फिरवून बसा. किंमत शेवटी विचारा.

४. आधी एकेक तार ऐका. पंचम, जोडाच्या दोन आणि खर्ज या चारही तारांची जवारी सारखी हवी. एक तार खुली आणि एक मुकी, असं नको. तार छेडून आस किती वेळ टिकते, ते मनात आकडे मोजून बघा.

५. मग चारही तारा सावकाश छेडा. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. कुठलीही तार गंधाराला लावलेली नसताना! तो ज्यात स्पष्ट, तो तंबोरा पहिला बाजूला काढा.

६. जिला गायचं आहे तिने षड्ज लावून बघावा. ज्या तंबोऱ्याबरोबर स्वतःचा आवाज ओढावा लागत नाही, तो आपला.

७. घरातला जुना तंबोरा बद्द वाजत असेल, तर आधी दोरा सरकवून बघा, मग तारा बदला, मग जवारी काढून घ्या. नवा घेण्याचा विचार त्यानंतर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो खिडकीच्या उन्हात किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीला ठेवू नका. भोपळा कोरड्या मऊ फडक्याने पुसा. आणि घोडीला हात लावू नका!

यंत्राच्या तंबोऱ्याबद्दल विचाराल, तर त्याला मी नावं ठेवणार नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी तो आणला आणि एकट्याने रियाज करणाऱ्यांची मोठीच सोय झाली. प्रवासात, पहाटे, परीक्षेच्या घाईत तो हवाच. पण तो आयता लागलेला असतो. खऱ्या तंबोऱ्यात तार उतरते, ती आपल्याला ओळखावी लागते आणि मणी सरकवून जागेवर आणावी लागते. कान तयार होतो तो तिथे.

आम्ही जुनाच तंबोरा घेऊन परतलो. भिशीतले बरेच पैसे शिल्लक राहिले, पण मला निराळीच काळजी. रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "आई, तंबोरा म्हातारा झाला नव्हता. मीच दिवाळीत घोडी घासली होती."

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "मग दोन वर्षं बोलली का नाहीस गं?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझाच कान गेला."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तंबोरा मी दुपारभरात दुरुस्त करून आणला होता, पण ती दोन वर्षं कुठल्या कारागिराकडे नेऊ?

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला लेक तंबोरा घेऊन बसली. सासूबाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ लसूण सोलत होत्या. बाहेर ट्रक चाललेले, कुकरची शिटी झालेली. मला तंबोरा छान लागलेला वाटत होता, लेकीलाही. सासूबाईंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली आणि हाक मारली, "अगं, खर्ज उतरलाय. किंचित चढव."

लेकीने मणी सरकवला. खर्ज जागेवर आला, तेव्हा मलासुद्धा कळलं.